आमदार आंबेडकर: मुंबई कायदेमंडळातल्या वर्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जयंती जवळ आली की आमच्या वाचन मंडळाकडे प्रश्नांची रीघ लागते. संविधानाबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी काय केलं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाबासाहेब आमदार होते? आम्ही तर कायदामंत्री आणि संविधान एवढंच शिकलो.

होते, आणि दोन वेगवेगळ्या सभागृहांत होते. आधी मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात. तिथे त्यांनी १८ फेब्रुवारी १९२७ला सदस्य म्हणून शपथ घेतली. नंतर १९३७ साली नव्या मुंबई विधानसभेत. शपथ घेतली तेव्हा त्यांचं वय पस्तीस होतं. म्हणजे संविधान सभेत बसण्याआधी त्यांच्या गाठीशी कायदेमंडळातला दीर्घ अनुभव होता. अर्थसंकल्पावर बोलणं, विधेयक मांडणं, ते प्रवर समितीत (विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीत) कापलं जाताना पाहणं, मागे घ्यावं लागणं, हे सगळं त्यांनी मुंबईत भोगलेलं होतं.

२. ते निवडून आले होते की सरकारने नेमलं होतं? यावरून आमच्या ग्रुपवर भांडण झालं.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. १९२७ला ते गव्हर्नरांनी नेमलेले सदस्य होते. अस्पृश्य वर्गाला तेव्हा निवडणुकीतून प्रतिनिधी पाठवता येईल अशी सोयच नव्हती. त्यांच्याबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी हेही तसेच नेमलेले होते. १९३७ला मात्र ते मुंबई शहरातल्या भायखळा-परळ भागातून मतदारांनी निवडून दिलेले सदस्य होते. नेमणुकीमुळे ते सरकारच्या ताटाखालचं मांजर झाले असतील अशी शंका काही जण घेतात. तिचं उत्तर पहिल्याच अर्थसंकल्पी भाषणात मिळतं (प्रश्न ७ पाहा).

३. तेव्हाचं कायदेमंडळ आजच्या विधानसभेसारखंच होतं का? बसायचं कुठे?

बराच फरक होता. मुंबई इलाख्यात सिंध, गुजरात, महाराष्ट्र आणि कन्नड भाषक जिल्हे असे सगळे होते. १९१९च्या कायद्याखाली काही खाती लोकप्रतिनिधी मंत्र्यांकडे आणि महसूल, पोलीस यांसारखी खाती गव्हर्नरांच्या हाती होती. १९३५च्या कायद्यानंतर १७५ सदस्यांची विधानसभा आली, पण तेव्हाही मत सर्वांना नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या.

जागेचं म्हणाल तर १९२८पासून मुंबईतली बैठक कुलाब्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरे. रीगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत, आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. काही अधिवेशनं पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये होत.

४. त्यांचा पक्ष कोणता? ते सत्तेत होते का?

आधी पक्ष नव्हता. १५ ऑगस्ट १९३६ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे, हे लक्षात घ्या. फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. सरकार काँग्रेसचं झालं, बाळासाहेब खेर सरकारचे प्रमुख झाले आणि बाबासाहेब विरोधी बाकावर बसले. मुंबईत ते कधीच सत्तेत नव्हते. पुढच्या सगळ्या उत्तरांकडे याच नजरेने पाहायला हवं.

५. त्यांच्या विरोधात म्हणे एक क्रिकेटपटू उभा होता?

हो, पळवणकर बाळू. त्या काळातले नामवंत फिरकी गोलंदाज, स्वतः चांभार समाजातले आणि काँग्रेसचे उमेदवार. लढत अटीतटीची झाली, बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी पुढे राहिले. बाळूंना हिणवणाऱ्या पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. ज्या काळात त्यांना संघासोबत बसून चहाही घेऊ दिला जात नव्हता, त्या काळात ते मैदानावर उभे राहिले. बाबासाहेबांनाही तरुणपणी त्यांचं कौतुक होतं.

६. थोडक्यात सांगा, त्यांचे मुख्य मुद्दे कोणते?

थोडक्यात: गरिबांच्या मुलांचं शिक्षण (प्र. ७), लहान शेतकऱ्यावरचा करांचा बोजा (प्र. ७) आणि त्याची जमीन (प्र. १४), वतनाची वेठ (प्र. ८ आणि ९), कोकणातली खोती (प्र. १०), कामगारांचा संपाचा हक्क (प्र. १६), बायकांचं आरोग्य (प्र. १३ आणि १७). पाणवठ्यांचा प्रश्न यात दिसणार नाही, कारण त्याचा ठराव त्यांचा नव्हता. ती गोष्ट प्र. ११मध्ये आहे आणि एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर तेच वाचा.

७. शिक्षणाबद्दल ते सभागृहात नेमकं काय बोलले? भाषणात वापरता येईल असं काही द्या.

१२ मार्च १९२७. विषय, शिक्षण खात्याची अनुदानं. बाबासाहेबांनी आकडे पुढे ठेवले: सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करतं आणि दारूच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक गोळा करतं. त्यांची मागणी सरळ होती. लोकांकडून अबकारीतून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला.

दुसरा आकडा मला याहून बोचतो. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. पहिली-दुसरीत घातलेला पैसा चौथीआधीच वाहून जातो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सभागृहात मांडलं. गळतीवरच्या आजच्या चर्चेत जे बोललं जातं ते याहून फार वेगळं नसतं.

त्याआधी २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याला हात घातला होता. प्राप्तिकरात ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते. शेतसाऱ्यात मात्र एका एकराचा धनी आणि मोठा जमीनदार एकाच दराने भरतात, पीक आलं काय नि बुडालं काय. यात न्याय कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या तिजोरीच्या मुळाशीच हात घातला.

८. महार वतन विधेयक काय होतं?

मुळात वतन काय होतं ते आधी पाहू. १८७४च्या वतन कायद्याखाली महार वतनदारांना थोडी इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं मिळे. बदल्यात चोवीस तास सरकारची आणि गावाची कामं. सारा पोचवणं, सरकारी टपाल नेणं, गावात आलेल्या अंमलदाराची उस्तवार, मयताची खबर परगावी पोचवणं, राखण. ज्याची पाळी तो माणूस गावात नसला तर त्याच्या बापाला नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उभं राहावं लागे. कामाची यादी ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही आणि बलुतं द्यायचं की नाही हे गावाच्या मर्जीवर.

१९ मार्च १९२८ला बाबासाहेबांनी या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ज्यांना चाकरीतून मोकळं व्हायचं असेल त्यांनी पूर्ण सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवावी, बलुत्याच्या जागी रोख पट्टी बसवून ती सरकारने वसूल करावी, आणि कोणती कामं वतनात येतात हे स्पष्ट करावं, असं त्याचं स्वरूप होतं. विधेयक प्रवर समितीकडे गेलं. तिथे त्याचा इतका गाभा काढला गेला की २४ जुलै १९२९ला त्यांनी ते मागे घेतलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं, म्हणजे त्यांच्या निधनानंतर.

९. पण वतन म्हणजे समाजाकडे असलेली जमीन. ती घालवायला ते स्वतःच का निघाले? आमचे आजोबा यावर नाराज होते.

तुमच्या आजोबांची नाराजी एकट्यादुकट्याची नव्हती. गावात वतनाला मान होता. पंचक्रोशीत महाराला विचारल्याशिवाय शिवेचा तंटा मिटत नसे, आणि जमिनीचा तुकडा कितीही लहान असला तरी तो सोडवत नाही. बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जमीन सोडा असं म्हटलंच नाही, जमीन ठेवा आणि चाकरी सोडा असं म्हटलं (प्र. ८). बलुत्याच्या भाकरीसाठी गावाच्या दारात उभं राहायचं आणि त्याच गावाला विरोधही करायचा, हे जमणारं नाही, हा त्यांचा विचार होता. सभागृहात विधेयक आणि सभागृहाबाहेर गावोगावच्या वतनदारांच्या परिषदा, असं दोन्हीकडे काम चाललं होतं. समजूत घालण्याचं बाहेरचं काम जास्त कठीण होतं असं मला वाटतं, कारण तिथे समोर आपलीच माणसं होती.

१०. खोती आणि १९३८चा मोर्चा याबद्दल नीट सांगा. शाळेत एक ओळ असते फक्त.

खोत म्हणजे गावाचा सारा सरकारला भरण्याची जबाबदारी घेतलेला माणूस. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड जिल्हा) आणि ठाण्याच्या काही भागात ही पद्धत होती. सरकारला ठरलेला सारा दिला की कुळांकडून किती घ्यायचं हे बहुधा खोतच पाही. धान्याचा मोठा हिस्सा, वर वेठ. कुळवाड्याच्या बायकामुलांनी खोताच्या घरी राबायचं ते वेगळंच.

याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३मध्ये संप केला. जमीन कसायचीच नाही. तो वर्षानुवर्षं चालला. माणसं जंगलातली लाकडं विकून जगली, पण नांगर धरला नाही. १९३४मध्ये बाबासाहेब चरीला जाऊन शेतकरी परिषदेत बोलले. १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोतांना भरपाई देण्याची तरतूदही त्यात होती, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आंबेडकर जमिनी लुटायला निघाले’ असा प्रचार तेव्हा झाला होता.

सरकार विधेयक पुढे सरकवेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कोकणातून बोटीने आलेली माणसं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक होते. शिष्टमंडळाने बाळासाहेब खेरांची भेट घेतली. ज्यांच्यासाठी विधेयक मांडलं ते स्वतः सभागृहाच्या दारात आले होते.

आणि मोर्चात फक्त दलित होते का, हा याला जोडून येणारा प्रश्न. नव्हते. कुणबी, आगरी, मराठा, महार अशी सगळी कुळं त्यात होती. खोताच्या खळ्यावर धान्य मोजून देताना सगळ्यांचंच कंबरडं मोडत होतं. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने.

११. चवदार तळ्याचा आणि कायदेमंडळाचा काय संबंध?

सगळा संबंध आहे. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. सरकारने खात्यांना तशा सूचना धाडल्या. जानेवारी १९२४मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस तिथे पुढाकारात होते.

कागद दोन झाले, पाण्याला मात्र कुणाचा हात लागला नाही. जायची कुणाची छाती होत नव्हती. १९२६मध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान थांबवा. तरीही तळ्यावर शुकशुकाट.

मग २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेली माणसं महाडच्या रस्त्याने रांगेत चालत गेली आणि बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यांना आमदारकीची शपथ घेऊन जेमतेम महिना झाला होता. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, शेणगोमूत्राच्या घागरी ओतून. आणि ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं. बोले, टिपणीस, परिषदेची जुळवाजुळव करणारे अनंत चित्रे आणि चालत गेलेली ती हजारो माणसं, यांतला एकही दुवा काढला तर तळं बंदच राहतं. आमदाराचा ठराव नसता तर लोकांना ‘हा आमचा कायदेशीर हक्क आहे’ असं म्हणता आलं नसतं. लोक चालले नसते तर ठराव दप्तरात पडून राहिला असता. दहा वर्षांनी, १९३७च्या निवडणुकीत हेच टिपणीस कुलाब्यातून आणि हेच चित्रे रत्नागिरीतून स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले.

१२. आमदार असताना कायदा मोडायचा सत्याग्रह त्यांनी कसा केला?

महाडला मार्च १९२७मध्ये कायदा मोडलाच नव्हता. कौन्सिलाचा आणि नगरपालिकेचा, दोन्ही ठराव त्यांच्या बाजूने होते (प्र. ११). डिसेंबरमध्ये पेच आला. दुसऱ्या परिषदेला माणसं जमली होती. मंडपाला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली होती. ऐन वेळी, तळं खाजगी आहे असा दावा करून विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई आणली. माणसं पाणी प्यायला तयार होती, तुरुंगातही जायला तयार होती. पण बाबासाहेबांनी कोर्टाचा मनाई हुकूम मोडायचा नाही असं ठरवलं. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला हात लावला नाही. खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ला मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तो थांबण्याचा निर्णय अनेकांना तेव्हा पटला नव्हता. मला तो पटतो, कारण निकाल लागला तो महाडपुरता राहिला नाही.

१३. बाळंतपणाची भरपगारी रजा बाबासाहेबांनी आणली, हे खरं का?

अर्धं खरं. मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलेलं नव्हतं. पण २८ जुलै १९२८ला त्यांनी त्याच्या बाजूने ठाम भाषण केलं: बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलायला हवा. पण बाई राबते मालकासाठी, तिच्या श्रमावर नफा मालकाचा, तेव्हा मालकाने यातून अंग काढून घ्यायचं नाही. पुढे केंद्रात मजूर खातं सांभाळताना त्यांनी खाणकामगार स्त्रियांसाठीही काम केलं. तेव्हा ‘त्यांनी आणली’ असं न म्हणता ‘त्यासाठी ते लढले’ म्हणा. त्यांच्या मोठेपणाला उसन्या श्रेयाची गरज नाही.

१४. लहान शेतकऱ्यांसाठीच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला होता. गरिबांचे कैवारी असून असं का?

विधेयकाच्या नावावर जाऊ नका. १९२७च्या त्या सरकारी विधेयकाचा हेतू जमिनीचे तुकडे होऊ न देणं आणि तुकडे एकत्र करणं हा होता. बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर मोठं भाषण केलं. त्यांचं म्हणणं: तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात नाही, शेतकऱ्याकडे बैल, अवजारं, भांडवल नाही म्हणून ती तोट्यात आहे. सक्तीने मोठे तुकडे केले तर ज्याची जमीन जाईल तो भूमिहीन मजूर होईल. उपाय दोन: जमिनीवर टेकलेली जादा माणसं सामावतील असे उद्योग उभारा, आणि मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून शेती सहकाराने करा. १९१८ सालीच त्यांनी या विषयावर दीर्घ निबंध लिहिला होता. अर्थशास्त्राचा अभ्यास सभागृहात कसा कामी येतो याचं हे भाषण उत्तम उदाहरण आहे.

१५. ग्रामपंचायतींनाही त्यांचा विरोध होता म्हणे?

१९३२च्या ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले, तेव्हा अडचण पंचायत या कल्पनेची नव्हती, तिथे कोण बसणार याची होती. जातीने चिरलेल्या गावात पंचांच्या हाती अधिकार आणि न्यायदान दिलं आणि अस्पृश्यांना राखीव जागा दिल्या नाहीत, तर गावाचा जुनाच जाच सरकारी शिक्क्याने चालेल. म्हणून त्यांनी राखीव प्रतिनिधित्व मागितलं. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली आणि अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. आज राखीव जागेवर बसलेली सरपंच बाई ही त्या मागणीची वारस आहे.

१६. कामगारांसाठी सभागृहात काय केलं? आठ तासांचा दिवस त्यांनीच आणला ना?

आठ तासांचं आधी. ते काम मुंबईच्या आमदारकीतलं नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हाचं आहे. दोन्ही एकत्र केल्याने पोस्टमध्ये तारखा चुकतात.

मुंबईतली मोठी लढाई १९३८च्या औद्योगिक कलह विधेयकावर झाली. संप करण्याआधी सक्तीची तडजोड आणि ठरावीक परिस्थितीत संप बेकायदा, असं ते विधेयक. बाबासाहेबांचा युक्तिवाद साधा आणि धारदार होता: आपली सेवा देणं न देणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. संप केला म्हणून शिक्षा करणं म्हणजे माणसाला गुलाम करणं. सभागृहात बहुमत सरकारचं होतं. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप पुकारला. आमदार आंबेडकर गिरणगावात फिरले. त्या दिवशी गोळीबारही झाला.

गिरण्यांतल्या आतल्या भेदाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्या धाग्याला दुसरे हात लावायला तयार नसत. १९२८च्या मोठ्या संपात पुढाऱ्यांनी हाही मुद्दा मागण्यांत घ्यावा असा त्यांनी आग्रह धरला. मालकाशी भांडताना शेजारच्या साच्यावरचा माणूसही त्यांच्या नजरेआड झाला नाही.

१७. संततिनियमनाचा ठराव खरंच त्यांनी १९३८मध्ये मांडला?

ठराव १० नोव्हेंबर १९३८ला विधानसभेत आला. मांडला तो त्यांच्या पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी, कारण त्या दिवशी बाबासाहेब हजर नव्हते. भाषण त्यांचं होतं. सरकारने संततिनियमनाची साधनं आणि माहिती लोकांपर्यंत पोचवावी, वारंवारच्या बाळंतपणांनी बायकांचे जीव जातात, हा मुद्दा. ठराव मोठ्या फरकाने पडला. त्या काळात हा विषय चारचौघांत काढायलाही लोक धजत नसत.

१८. वतन विधेयक मागे घेतलं, खोती विधेयक मंजूर झालं नाही, संततिनियमनाचा ठराव पडला. मग आमदार म्हणून ते अपयशी ठरले का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. आमदाराचं काम मंजूर विधेयकांत मोजायची आपल्याला सवय लागली आहे. विरोधी बाकावरच्या माणसाला बहुमत नसतंच. त्याच्या हातात असतं ते प्रश्न नोंदीवर आणणं, सरकारला उत्तर द्यायला लावणं आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना त्या कागदाशी जोडणं. खोती १९४९ला गेली, कनिष्ठ वतनं १९५८ला, पंचायतीतल्या राखीव जागा १९९३ला आल्या. त्या प्रत्येकाचा मसुदा किंवा मागणी मुंबई कायदेमंडळाच्या कामकाजात आधीच नोंदलेली आहे.

१९. आमदारकीच्या काळात ते राहायचे कुठे? लोकांना भेटायचे कुठे? पोट कसं चालायचं?

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत परळच्या बीआयटी चाळीत, नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ या स्वतःच्या घरात. १९२४मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय परळच्या दामोदर हॉलजवळ होतं. तिथे अर्ज, तक्रारी, वसतिगृहात जागा हवी असलेली मुलं असा राबता असे. सभेने १९२५मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. ‘बहिष्कृत भारत’ आणि पुढे ‘जनता’ ही पत्रं त्यांनी चालवली, त्यांतून सभागृहातलं काम मराठीतून लोकांपर्यंत जाई. पोटापाण्यासाठी वकिली आणि सरकारी विधी महाविद्यालयात शिकवणं. १९३५पासून काही वर्षं ते तिथे प्राचार्यही होते.

२०. त्यांची आमदारकी संपली कशी? राजीनामा दिला का?

युद्ध सुरू झाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३९मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, गव्हर्नरांनी कारभार हाती घेतला आणि विधानसभेचं कामकाज थंडावलं. जुलै १९४२मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात गेले (प्र. १६).

२१. ही भाषणं मूळ कुठे वाचायला मिळतील?

महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या इंग्रजी मालेच्या दुसऱ्या खंडात ही भाषणं आहेत. वसंत मून यांनी तो संपादित केला. जिल्हा ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सहसा सापडतो. सुरुवात १२ मार्च १९२७च्या शिक्षणावरच्या भाषणाने करा. ते लहान आहे आणि दहावीच्या मुलांनाही समजावून सांगता येतं. वतन विधेयकाचं भाषण लांब आहे, ते दोन बैठकींत वाचलेलं बरं. खंड मिळाला नाही तर आपल्या गावाचं आणि तालुक्याचं नाव कळवा. तुमच्या जवळच्या ग्रंथालयात तो आहे का, हे आम्ही विचारून सांगू.